खून माणसाने केले, नाव लांडग्याचं!

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. वाटसरूला मारायचं, लुटायचं आणि प्रत्येक खुनामागे एक खडा रांजणात टाकायचा. असे सात रांजण भरले तेव्हा नारदमुनी भेटले. या गोष्टीचा गाभा रामनामात आहे असं आपण मानतो, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. हे तू कुणासाठी करतोस, आणि या पापात ती माणसं वाटेकरी होणार आहेत का? वाल्या घरी जाऊन विचारून आला आणि घरच्यांनी कानावर हात ठेवले. एकामागून एक खून करणाऱ्या माणसाची ही उलटतपासणी आहे. तिच्यात भूत नाही, करणी नाही, देवीचा कोप नाही.

जगाने मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला. लागोपाठ मुडदे पडू लागले की लोकांनी लांडगा शोधला, सैतान शोधला, परधर्माचा शेजारी शोधला. कधी खुन्याने स्वतःच दुसऱ्याच्या माथ्यावर खापर फोडलं, कधी गावाने फोडलं, कधी सरकारने. त्या खापरांची ही सफर. काही किस्से चक्रावून टाकणारे आहेत, काही संतापजनक, आणि एक-दोन अगदी आपल्या दारातले.

बोटांची माळ

वाल्याचा बौद्ध भाऊबंद शोभावा असा अंगुलिमाल. कोसल देशातला हा दरोडेखोर माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालायचा. सहाध्यायांनी गुरूचे कान फुंकले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटं मागितली, असं त्याचं कारण सांगितलं जातं. पण मूळ पाली सुत्तात हे कारण दिलेलंच नाही. तिथे तो फक्त रक्ताने हात माखलेला दरोडेखोर आहे. गुरू, दक्षिणा आणि मत्सर हा सगळा भाग नंतरच्या भाष्यकारांनी जोडला. विनाकारण मारणारा माणूस ऐकणाऱ्याला सोसत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतही दिसतं. भिक्खू झाल्यावर या अंगुलिमालाने एका अडलेल्या बाईसाठी सत्यवचन उच्चारलं आणि ती सुखरूप मोकळी झाली. ते 'अंगुलिमाल परित्त' श्रीलंका आणि म्यानमारमध्ये आजही गरोदर बायकांसाठी म्हटलं जातं.

रोमने ठोकला खिळा

इसवी सनपूर्व ३३१. रोममधली बडी माणसं सारख्याच दुखण्याने एकामागून एक मरू लागली. एका दासीने अधिकाऱ्याला गाठून सांगितलं की ही साथ नाही, घराघरात बायका विष शिजवताहेत. धाडी पडल्या, २० घरंदाज स्त्रियांना चौकात आणलं. त्या म्हणाल्या, ही औषधं आहेत. मग पिऊन दाखवा, असं फर्मान सुटलं. त्या प्यायल्या आणि मेल्या. पुढे १७० जणींना दोषी ठरवण्यात आलं. लिव्ही हा रोमन इतिहासकार ही हकिगत सांगतो, पण त्या वर्षी खरोखर रोगाचीच साथ असावी अशी शंकाही तोच घेतो.

हे बायकांच्या डोक्यात शिरलेलं वेड आहे, असा निष्कर्ष रोमने काढला. जुन्या पोथ्या चाळल्या आणि एक विधी सापडला. त्यासाठी खास सर्वाधिकारी नेमला, त्याने एक खिळा ठोकला आणि लगेच पदाचा राजीनामा दिला. खटल्यांपलीकडचा सरकारी उपाय एवढाच.

सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या चीनकडे पाहिलं की वेगळाच प्रकार दिसतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ल्यू पेंगली नावाचा राजपुत्र रात्री गुलाम आणि टवाळ पोरं घेऊन बाहेर पडायचा आणि निव्वळ मौज म्हणून लोकांना मारायचा. शंभराहून जास्त बळी गेले. अंधार पडला की लोक उंबरठा ओलांडेनात. सिमा छिएन या इतिहासकाराने त्याची नोंद करताना कुठलंही भूत आणलं नाही. माणूस उद्दाम आणि क्रूर होता, असं त्याने सरळ लिहिलं. पण शिक्षेच्या वेळी रक्ताचं नातं आड आलं. दरबाराने देहदंड सुचवला होता, बादशहाने फक्त पदवी काढून घेतली आणि हद्दपार केलं.

पट्टा सापडलाच नाही

नरलांडग्यांचे खटले हा युरोपच्या इतिहासातला विलक्षण अध्याय आहे. दोल हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. १५७३ मध्ये तिथल्या न्यायसभेने गावकऱ्यांना अधिकृत हुकूम दिला की भाले, कुऱ्हाडी, बंदुका, काय असेल ते घ्या आणि नरलांडग्याची शिकार करा. एरवी शिकारीवर कडक निर्बंध होते, पण या प्राण्यासाठी ते उठवले. सापडला तो झील गार्निए, आजवर जंगलात एकटाच राहत आलेला माणूस. नुकतंच लग्न झालेलं, घरात खायला दाणा नाही. जंगलात एक छाया भेटली, तिने मलम दिलं, ते चोळलं की मी लांडगा होतो, असं त्याने सांगितलं. मुलांना मारून खाल्ल्याबद्दल त्याला जिवंत जाळलं. त्याच्या जबाबातली उपासमार मात्र कुणी तपासाचा विषय केली नाही.

१५८९ मध्ये कलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पेटर स्टुम्प या शेतकऱ्याचा खटला गाजला. १४ मुलं आणि दोन गरोदर बायका मारल्याचा आरोप होता. यातनायंत्रावर चढवण्याच्या धमकीने तो बोलू लागला. सैतानाने कातडी पट्टा दिला, तो कमरेला बांधला की लांडगा, सोडला की माणूस. तो पट्टा कुठे आहे, असं विचारल्यावर त्याने एक दरी दाखवली. माणसं गेली, दरी पिंजून काढली, पट्टा मिळाला नाही. पुरावा नाही म्हटल्यावर खटला लंगडा पडायला हवा होता. पण सैतानानेच पट्टा परत नेला असणार, असं ठरलं आणि पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. ३१ ऑक्टोबर १५८९ ला त्याच्याबरोबर त्याच्या मुलीला आणि सोबतिणीलाही मारण्यात आलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये या प्रकरणाचं चोपडं विकायला आलं. त्या भागात नुकतंच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं युद्ध होऊन गेलं होतं. त्यामुळे स्टुम्प खुनी होता की राजकारणाचा बळी, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

एक न्यायालय मात्र वेगळं वागलं आणि त्याचं नाव आदराने घ्यायला हवं. १६०३ मध्ये बोर्दोच्या न्यायसभेपुढे झाँ ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा आला. जंगलाच्या मालकाने लांडग्याचं कातडं दिलं, मुली खाल्ल्या, असं तो छातीठोकपणे सांगत होता. न्यायाधीशांनी त्याला नीट पाहिलं आणि हा मुलगा मंदबुद्धी आहे, वाऱ्यावर सोडलेला आहे, याला जाळायचं नाही, असा निकाल दिला. त्याला मठात ठेवलं. भुताच्या काळात वैद्यकाच्या अंगाने दिलेला इतका शहाणा निकाल दुर्मीळ आहे.

शेवटचा नरलांडगा अगदी अलीकडचा, स्पेनचा मानुएल ब्लांको रोमासांता. हा फिरता विक्रेता होता. परगावी नोकरी लावून देतो म्हणून बायकांना आणि त्यांच्या मुलांना घेऊन निघायचा आणि वाटेत मारायचा. मेलेल्यांची चरबी तो विकतो अशी गावात कुजबुज होती. पकडल्यावर तो म्हणाला, मला शाप आहे, मी लांडगा होतो. १३ खुनांची कबुली त्याने दिली, कोर्टाने ९ धरले. डॉक्टरांनी तपासून तो पूर्ण शुद्धीवरचा आणि लबाड आहे असा अहवाल दिला, १८५३ मध्ये फाशीही सुनावली गेली. इतक्यात संमोहन करणाऱ्या एका गृहस्थाने पत्र लिहून कळवलं की याला एक मानसिक विकार आहे, मला अभ्यासू द्या. राणी इसाबेलाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

रक्ताची आंघोळ, १०० वर्षांनंतर

हंगेरीची उमराव स्त्री एर्झेबेत बाथोरी तरुण राहण्यासाठी मुलींच्या रक्ताने न्हायची, हे अनेकांनी ऐकलं असेल. बाई मेली १६१४ मध्ये. रक्ताच्या आंघोळीची गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १७२९ मध्ये, एका जेझुइट पाद्र्याच्या पुस्तकात. १८१७ मध्ये मूळ साक्षी प्रसिद्ध झाल्या. त्यांत मारहाण आहे, चटके आहेत, उपासमार आहे, आंघोळ कुठेच नाही. सगळीकडे छापला जाणारा ६५० बळींचा आकडा एका साक्षीदाराच्या ऐकीव माहितीवर उभा आहे.

यातली खरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. मेलेल्या बहुतेक मुली गरीब घरच्या मोलकरणी होत्या. वर्षानुवर्षं ओरड होत राहिली, पण हालचाल झाली ती उमरावांच्या मुलींचं नाव आल्यावर. चार नोकरांवर खटला चालला आणि तिघांना देहांत शासन झालं. मालकिणीवर खटला भरलाच नाही. तिला वाड्यातच कोंडून ठेवलं. शिवाय राजा तिच्या घराण्याचा मोठा कर्जदार होता, म्हणून सगळं कुभांडच होतं असं म्हणणारेही आहेत.

फ्रान्सच्या झील द रे याचीही तीच तऱ्हा. जोन ऑफ आर्कच्या बरोबरीने लढलेला हा सरदार मुलांच्या खुनांसाठी १४४० मध्ये फासावर गेला. खटल्यात किमया, सैतानाला आवाहन, सगळं होतं. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये त्याचा प्रतीकात्मक फेरखटला भरवून त्याला निर्दोषही ठरवण्यात आलं.

खापराचं सर्वात विषारी रूप याच युरोपात दिसतं. १४७५ मध्ये इटलीतल्या ट्रेंट शहरात एक लहान मुलगा मेलेला सापडला. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचं रक्त काढलं असा आरोप झाला, छळ करून कबुल्या घेतल्या आणि ज्यू पुरुषांना ठार मारलं. त्या मुलाची संत म्हणून पूजा सुरू झाली. चर्चने ती बंद केली १९६५ मध्ये, म्हणजे जवळपास ५०० वर्षांनी.

वेरूळच्या लेण्यात ठगांची कला?

आता आपल्या मुलखात येऊ. ठग म्हटलं की पिवळा रुमाल, कालीमाता आणि वाटेवरचे मुडदे डोळ्यांपुढे येतात. हे चित्र ज्याने पक्कं केलं तो इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन. १८३० मध्ये त्याने कलकत्त्याच्या एका पत्रात निनावी लेख लिहिला आणि विंध्याचलच्या देवळाला या खुनांचं मुख्यालय ठरवलं. पुढे जबलपूर भागात त्याने माफीचे साक्षीदार तयार केले. त्यांच्याशी झालेले सवालजवाब १८३६ मध्ये छापले. ते वाचताना थक्क व्हायला होतं.

ठगांची उत्पत्तिकथा अशी. देवी रक्तबीजाशी लढत होती, रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उठत होता. देवीने घामातून दोन माणसं घडवली आणि त्यांच्या हाती कापड दिलं, म्हणजे रक्त न सांडता गळा आवळता येईल. काम झाल्यावर तेच कापड वंशजांना पोटापाण्यासाठी बक्षीस मिळालं. सुरुवातीला प्रेतं देवी स्वतः गिळायची. एका नवशिक्याने मागे वळून पाहिलं, देवी संतापली, आणि तेव्हापासून खड्डे खणायची पाळी आली. खणायची कुदळ पूजेची, मोहिमेनंतरचा गूळ प्रसादाचा. हा गूळ एकदा जिभेला लागला की माणूस ठगच होतो, असं फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध ठगाने सांगितलं. शकुन-अपशकुनांचं तर मोठं शास्त्र होतं. त्यात गाढवाचं ओरडणं शंभर पाखरांच्या शकुनाइतकं वजनदार मानलं जायचं.

टोळ्यांत मुसलमानही पुष्कळ होते. देवी आणि धर्म यांची सांगड कशी घालता, असं विचारल्यावर त्यांतल्या काहींनी भवानी म्हणजेच फातिमा असं उत्तर दिलं. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे वेरूळ. तिथल्या लेण्यांत जगातले सगळे धंदे कोरलेले आहेत, त्यांत आमचाही आहे, गळा आवळण्यापासून पुरण्यापर्यंत, असं ठग स्लीमनला सांगत होते. लेण्यातल्या शिल्पांकडे पाहून प्रत्येकाला आपलंच घर दिसावं, तशातला हा प्रकार.

पकडले गेल्यावरही त्यांनी कारण देवीकडेच शोधलं. बायका, कारागीर, गंगाजळ वाहणारे यांना मारायचं नाही असा नेम होता. आम्ही लोभापायी बायकांना मारलं, म्हणून देवीने हात काढून घेतला, असं ते म्हणत. लोभ हा शब्द त्यांच्याच तोंडून आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजचे अभ्यासक नेमकं तेच धरून चालतात. फौजा मोडल्याने बेकार झालेले शिपाई, लुटीत हिस्सा घेऊन आसरा देणारे जमीनदार, रोख रक्कम घेऊन फिरणारे वाटसरू आणि गावापासून दूर मेलेल्याची चौकशी करणारं कुणी नाही. पूजा तर त्या काळी शेतकरीही नांगराची करायचा आणि शिपाई तलवारीची. कुदळीला गंध लावलं म्हणून खून धार्मिक ठरत नाहीत.

विक्रमांच्या यादीत ठग बेहरामच्या नावावर ९३१ बळी आहेत. पण त्याच्या मूळ जबानीत त्याने स्वतःच्या हाताने साधारण १२५ जणांना मारल्याचं म्हटलं आहे. बाकीचे त्याच्या टोळ्यांच्या मोहिमांतले. १२५ हादेखील अंगावर काटा आणणारा आकडा आहे, त्याला फुगवायची गरज नव्हती.

इंग्रजांच्या हातात देवीचं कारण आलं आणि त्याचं पुढे कायद्यात रूपांतर झालं. १८३६ च्या कायद्याने, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येऊ लागली. विशिष्ट खून सिद्ध करायची गरज उरली नाही. फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि लंडन हादरलं. हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्ग भागाचा कारभार पाहत होता. आणि जन्माने गुन्हेगार ही कल्पना इतकी रुजली की १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी समाजांवर सरसकट शिक्का बसला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला निघाला. कागदावर निघाला, असं म्हणावं लागतं. कारण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला माहीत आहे.

सात कवट्या एडिंबरोला

ठगांच्या गोष्टीला एक विचित्र शेपूट आहे. फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या हेन्री स्प्राय या डॉक्टरने एडिंबरोच्या कवटीशास्त्र मंडळाला पाठवल्या. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचा हा तेव्हाचा लाडका उद्योग. संहाराचा उंचवटा टम्म फुगलेला असणार, अशी खात्री होती. मोजलं तर तो फारसा उठून दिसेना. मग या लोकांना परिस्थितीने आणि संगतीने असं घडवलं असावं, असं म्हणण्याची पाळी त्या मंडळींवर आली. चुकीच्या शास्त्राने बरोबर उत्तराच्या जवळ नेल्याचं हे उदाहरण.

पुढे इटलीत लोम्ब्रोझो या डॉक्टरने एका कवटीच्या मागच्या खळग्यावरून जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला. ती कवटी विलेला नावाच्या एका गरीब माणसाची होती, चोरीसाठी शिक्षा झालेल्या. एकविसाव्या शतकात त्याच्या गावाने ती परत मागण्यासाठी कोर्टाची पायरी चढली. ती कवटी असलेल्या तूरिनच्या संग्रहालयातच लोम्ब्रोझोचा स्वतःचा सांगाडाही ठेवलेला आहे.

लंडनचा नट, राणीचा डॉक्टर

१८८८ चं लंडन, व्हाइटचॅपल. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पाच बायका मारल्या गेल्या आणि जॅक द रिपर हे नाव अजरामर झालं. खुनी सापडला नाही, त्यामुळे तर्कांना ऊत आला. त्या वेळी एका नाट्यगृहात जेकिल आणि हाइडचं नाटक चालू होतं. रिचर्ड मॅन्सफील्ड हा नट प्रेक्षकांसमोर सज्जनाचा राक्षस इतका हुबेहूब व्हायचा की लोकांनी त्याच्यावरच संशय घेतला. खुनांच्या जागा नकाशावर जोडल्या तर क्रूस होतो, हा काळ्या जादूचा विधी आहे, असा लेख डिसेंबर १८८८ मध्ये छापून आला. १९७६ मध्ये तर राजघराणं, फ्रीमेसन आणि राणीचे डॉक्टर विल्यम गल यांचा कट असल्याचं पुस्तक खपलं. डॉक्टरांना १८८७ मध्येच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, आणि खुनांच्या वेळी त्यांचं वय होतं ७१. ज्याच्या सांगण्यावर हा कट उभा होता त्याने दोन वर्षांनी आपण थाप मारल्याचं कबूल केलं. पुस्तकं, चित्रपट थांबले नाहीत.

यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. एका खुनानंतर भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर सापडला, ज्यूंना दोष देणारा वाटावा असा. वस्तीत आधीच ज्यूंवर दात होता. पोलीस आयुक्त वॉरन पहाटे स्वतः आले आणि फोटो काढायची वाट न पाहता त्यांनी तो पुसायला लावला. उजाडल्यावर दंगल पेटेल ही भीती होती. पुरावा नष्ट केला म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते. मला विचाराल तर निरपराधांची घरं वाचवणारा तो निर्णय बरोबर होता.

बिबट्या की माणूस, हा प्रश्न नायजेरियात १९४५ ते १९४८ या काळात खरोखर तपासावर होता. जवळपास २०० मृत्यू झाले. बिबट्याचं सोंग घेऊन खून करणारी गुप्त संघटना असल्याचा संशय होता, आणि त्याच भागात खरे बिबटेही होते. शोध घेताना दोन्हींच्या मागावर माणसं सोडावी लागली.

भूकंप थांबवणारा आणि शेजाऱ्याचा कुत्रा

कॅलिफोर्नियाच्या हर्बर्ट मुलिनने १९७२-७३ मध्ये १३ जणांना मारलं. कारण? माणसं बळी दिली की मोठा भूकंप टळतो. व्हिएतनाम युद्धात मरणाऱ्यांमुळे आजवर भूकंप आवरला होता, आता युद्ध आटोपत आलं, म्हणून जबाबदारी माझ्यावर, असं त्याचं गणित होतं. त्याचा जन्मदिवस १८ एप्रिल, म्हणजे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाची तारीख. हा योगायोग त्याच्या आजारी मनाने दैवी खूण म्हणून धरला.

न्यूयॉर्कच्या डेव्हिड बर्कोविट्झने १९७६-७७ मध्ये सहा जणांचा जीव घेतला आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यात शिरलेल्या सैतानाने आज्ञा दिल्याचं सांगितलं. १९७९ मध्ये तुरुंगात पत्रकारांना बोलावून त्यानेच हे सगळं रचलेलं होतं असं सांगितलं. तरी त्यामागे सैतानी पंथ आहे हे सिद्ध करण्यात काहींनी आयुष्य घालवलं. तो सापडला कसा? खुनाच्या जागेजवळ चुकीच्या ठिकाणी गाडी लावल्याची पावती फाडली गेली होती, त्यावरून.

पंथाचा हात खरा असलेलं प्रकरणही आहे. मेक्सिकोतल्या माटामोरोसजवळ आदोल्फो कोन्स्तांझो अमली पदार्थांच्या तस्करांना नरबळीच्या बदल्यात अदृश्य होण्याचं वरदान विकायचा. १९८९ मध्ये त्याचा एक चेला पोलिसांची नाकेबंदी तोडून बिनधास्त निघून गेला. आपण दिसतच नाही अशी त्याची खात्री होती. पोलीस मागोमाग गेले आणि शेतावर प्रेतं सापडली. मोठा शोध सुरू झाला होता तो एका अमेरिकन विद्यार्थ्यासाठी. स्थानिक गरिबांच्या बेपत्ता होण्याची तोवर कुणाला घाई नव्हती.

इंडोनेशियातला मांत्रिक अहमद सुराजी याचीही तीच कथा. स्वप्नात वडील आले, ७० बायका मारल्यास मोठा वैदू होशील म्हणाले. १९८६ ते १९९७ या अकरा वर्षांत ४२ बायका त्याने उसाच्या शेतात पुरल्या. नवरा वश व्हावा म्हणून त्या चोरून त्याच्याकडे येत. कुठे चालली आहे, हे घरी सांगून कुणी निघत नसे, आणि त्याचाच त्याला आडोसा मिळाला. २००८ मध्ये त्याला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला.

मुंबईचा कानून, मानवतचा मुंजा

१९६८ च्या पावसाळ्यात मुंबईची उपनगरं रात्रभर जागी असायची. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं लोखंडी दांड्याने मारली जात होती. २७ ऑगस्टला अ‍ॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने रस्त्यावर एका माणसाला वर्णनावरून ओळखलं, तो रमन राघव. कोंबडीचं जेवण मिळाल्यावर तो बोलू लागला. डॉक्टरांना त्याने सांगितलं, एक जग हे आणि दुसरं कानूनचं, आणि मी कानूनचा माणूस आहे. आपल्याला पुरुषातून बाई करण्याचा कट चालू आहे, असंही त्याला पक्कं वाटायचं. डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान केलं. १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला.

या तपासातले अधिकारी रमाकांत कुलकर्णी पुढे परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गेले. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षापासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथे दहा खून पडले, बळी बहुतेक लहान मुली आणि बायका. पिंपळाखालचं गुप्तधन, मूल होण्याची आस आणि त्यासाठी मुंजाला रक्त द्यावं लागेल असं सांगणारा मांत्रिक, हे धागे तपासात पुढे आले. अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये यावर 'आक्रीत' हा चित्रपट काढला, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. २०२४ मध्ये मालिकाही आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही माफीच्या साक्षीदाराच्या पुराव्यासाठी वाचतात. मुंजाबद्दल त्यांना काही शिकावं लागत नाही. कुणी कुणाला पाहिलं आणि कुणाचा शब्द कशाच्या आधारावर टिकला, एवढंच तिथे महत्त्वाचं.

आणि ज्यांना महाराष्ट्र विसरू शकत नाही त्या गावित मायलेकींच्या प्रकरणात कसलाच मांत्रिक नव्हता. १९९० ते १९९६ या काळात मुलं पळवायची, पाकीटमारीला वापरायची आणि अडचण होऊ लागली की मारायची. वाल्याला विचारलेल्या प्रश्नाचं इतकं उघडंवाघडं उत्तर दुसरं नसेल.

२० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं, त्यासाठी कुणाला भरीला घालणं, नरबळी, जारणमारण हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि पोलीस ठाण्यांच्या क्षेत्रासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही. तुमच्या गावात, चाळीत, सोसायटीत गुप्तधनाची कुजबुज ऐकू आली, तर अमावास्येची वाट पाहू नका, थेट ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि पोच मागा. आणि शेजारच्या मोलकरणीची मुलगी, ऊसतोड्याचं पोर, फुटपाथवरचा म्हातारा दोन दिवस दिसला नाही, तर चौकशी करा. असल्या माणसांची चौकशी कुणी करत नाही, हे वर आलेल्या बहुतेक खुन्यांना पक्कं ठाऊक होतं.